मास्तरांच्या बाजूचा क्लच

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मालक दोन झाले, गाड्या सात झाल्या, पण मास्तर चौतीस वर्षं एकच. मी काउंटरवर बसते. फॉर्म भरून घेते, वेळा ठरवते आणि उरलेला दिवस काचेतून समोरचं पटांगण बघते. माणूस गाडीत चढताना कसा असतो आणि उतरताना कसा असतो, हे माझ्याइतकं कोणी बघितलं नसेल. म्हणून मास्तरांचं जे झालं ते मीच सांगते. त्यांना विचाराल तर ते एवढंच म्हणतील, "काही नाही हो, गाडी बदलली."

मास्तर अंगाने काटकुळे. शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात दोन पेनं, त्यातलं एक कधीच चालत नाही. बोलणं कमी आणि ओरडणं त्याहून कमी. आमच्याकडे लोक यायचे ते त्याच्यासाठीच. "तुमचे मास्तर ओरडत नाहीत म्हणे," असं विचारत यायचे. मी मान हलवून फॉर्म पुढे सरकवायची.

ते का ओरडत नाहीत, ते मला फार उशिरा कळलं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. समोर काही आडवं आलं की मास्तर आपल्या बाजूचा क्लच हळूच दाबायचे. गाडीतला जोर जायचा, ब्रेक जरासा लागायचा, गाडी लोण्यासारखी थांबायची. शिकणाऱ्याला वाटायचं आपणच थांबवली. तिसऱ्या दिवशी पोरं आणि पोरांचे बाप छाती फुगवून गाडीतून उतरायचे. एकदा मी मास्तरांना छेडलंच, "इतक्या लवकर कसं येतं हो सगळ्यांना?"

ते म्हणाले, "बाई, पहिले आठ दिवस गाडी मीच चालवतो. स्टिअरिंग त्यांच्या हातात, पाय माझा."

"आणि नंतर?"

"नंतर काढून घेतो हळूहळू."

"सगळा?"

यावर ते नुसते हसले आणि न चालणाऱ्या पेनाने कागदावर रेघा ओढू लागले.

थोरले मालक थकले आणि धाकटे मालक खुर्चीवर आले. धाकटे वाईट नाहीत. मास्तरांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवलेला मुलगा तो, अजूनही काकाच म्हणतो. पण एका सोमवारी त्याने पटांगणात नवी कोरी गाडी आणून उभी केली आणि मास्तरांना आत बोलावलं. मी दार पूर्ण लावलं नाही.

"काका, आता निम्मे लोक ऑटोमॅटिकच मागतात. जुनी गाडी मी काढतोय."

"काढ की. दोन पायांची गाडी चालवणाऱ्याला एका पायाची काय जड?"

"तसं नाही. मी दोघातिघांना विचारलं. जुने लोक या गाडीत जास्त चुकतात म्हणे." धाकट्याने टेबलावरचा कागद इकडून तिकडे ठेवला. "पहिली विद्यार्थिनी ठरलीय. ती पहिल्या टेस्टला पास झाली तर तुम्हीच. नाही झाली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. रागावू नका."

मास्तर रागावले नाहीत. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना टेस्टला उभं केलं, त्यालाच टेस्टला उभं करायचं! बाहेर येऊन मास्तर काउंटरला टेकले आणि म्हणाले, "घरी सांगू नका हं बाई, आमच्या हिचा फोन आला तर. मी घरी बसलो तर दोन दिवसांत ती मला शेजाऱ्यांना देऊन टाकेल." हे त्यांनी थट्टेत म्हटलं, पण काउंटरची कड त्यांनी घट्ट धरली होती. त्यांना दुसरं काहीच येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही, हे मला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी मास्तर स्वतः चालवून बघणार होते. साक्षीदार म्हणून मला मागच्या सीटवर बसवलं. गाडी सुरू झाली, गियरची दांडी 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर आली, मास्तरांनी ब्रेक सोडला आणि गाडी आपली आपण चालू लागली.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"काय?"

"मी काही दिलेलं नाही. पाय वर आहे माझा. ही चाललीय!"

"मग द्या ना ब्रेक."

दिला. पण त्यांना आधी वाटलं गियर बदलावा, म्हणून सवयीने डावा पाय क्लचवर गेला. क्लच नव्हताच. त्या जागेपर्यंत पसरलेला रुंद ब्रेक होता, आणि क्लच जसा मुळापर्यंत दाबतात तसा त्यांनी तो दाबला. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. चष्मा कुठे गेला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

"सॉरी, बाई."

"असू दे."

आणि दहा पावलांवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी दोन्ही हातांनी सीट धरून बसले. मास्तर उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, पुन्हा बसले आणि डावा पाय मागे ओढून सीटच्या कडेखाली अडकवला. हट्टी मुलाला कोपऱ्यात उभं करावं तसा. "तिथेच राहा," असं त्याला म्हणालेसुद्धा.

पण गोंधळ एकट्या पायाचा नव्हता. चौतीस वर्षं मास्तर सगळ्यांना सांगत आले होते की शंका आली की न्यूट्रल. न्यूट्रल म्हणजे घर. त्याच आठवड्यात ते गेटपाशी थांबले, दांडी 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर टाकली आणि त्या नादात हँडब्रेक न ओढताच गेट उघडायला उतरले. गेटपाशी जमीन थोडी उताराची आहे. गाडी मागे मागे सरकायला लागली, आवाज न करता. मी काचेवर हात आपटत ओरडले. मास्तर वळले आणि पळाले. साठी उलटलेला माणूस, धावत्या गाडीचं दार उघडून आत अर्धा घुसला आणि हँडब्रेक ओढला. मग ते दारातच बसले.

"चूक कुठे झाली, मला कळतंय," ते म्हणाले. "पण माझ्या हाताला कळत नाही. त्याला वाटतं तो बरोबरच वागला."

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून एक कागद मागून घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिला: पूर्ण थांबा. ब्रेक दाबलेलाच. हँडब्रेक. मग 'पी' (पार्किंग). मग इंजिन बंद. मगच ब्रेकवरचा पाय काढा. कागद गाडीत चिकटवला. ज्या माणसाने कधी हातात खडू धरला नाही, तो आता स्वतःसाठी फळा करून घेत होता.

मग ती ठरलेली पहिली विद्यार्थिनी आली, टेलरबाई. पडदे शिवायचा त्यांचा धंदा. पडद्यांचे गठ्ठे घेऊन घरोघर मापं घ्यायला जायचं म्हणून त्यांना गाडी हवी होती. डावा पाय लहानपणच्या आजारात बारीक राहिलेला, हातात काठी. फॉर्म भरता भरता त्यांनी मला विचारलं, "डाव्या पायाचं काम नाही ना हो यात? नक्की?"

"नक्की. उलट तो मध्ये आला की घोटाळा होतो," मी म्हटलं आणि मास्तरांकडे बघितलं नाही.

टेलरबाई म्हणजे फटाकडी. गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "मास्तर, मोटारीचं शिलाई मशीन मी वीस वर्षं उजव्या पायानेच चालवतेय. पाय दाबला की पळतं, उचलला की थांबतं. हेही तसंच असणार." मास्तरांना पटलं. त्यांना स्वतःलाच इतकं काही कळेनासं झालं होतं की दुसऱ्या कुणाला काही कळतंय याचंच त्यांना बरं वाटलं.

चौथ्या दिवशी गाडी पटांगणात परत येत होती. समोर आमच्या स्कूलचा बोर्ड, दोन लोखंडी पायांवर. बोर्ड जवळ आला. टेलरबाई घाबरल्या. घाबरल्यावर मशीनवर जे करतात तेच त्यांनी केलं. पाय उचलला. उचललाच, आणि हवेत धरून ठेवला. मास्तर घाबरले आणि घाबरल्यावर जे करतात तेच त्यांनी केलं. डाव्या पायाने क्लच दाबला. त्यांच्या बाजूला या गाडीत फक्त ब्रेक होता, उजव्या पायासाठी. डाव्या पायाखाली नुसती जमीन. मास्तर जीव खाऊन जमीन दाबत होते, टेलरबाई पाय हवेत धरून बसल्या होत्या आणि गाडी कुणाचंच न ऐकता, चालत्या माणसाच्या वेगाने, जाऊन बोर्डाला टेकली. बोर्ड आधी थोडा विचार केल्यासारखा थांबला, मग आडवा झाला.

"मी पाय उचलला होता!" टेलरबाई ओरडल्या.

"मी क्लच दाबला होता!" मास्तर ओरडले. मी त्यांचा चढलेला आवाज प्रथमच ऐकला.

"सुई थांबते हो पाय उचलल्यावर!"

"अहो, ही थांबत नाही! ही ब्रेकवरून पाय उचलला की निघते!"

"मग आधी सांगायचं ना!"

"मलाच कुठे नीट कळलंय!"

धाकटे मालक बाहेर आले, त्यांनी आडव्या बोर्डाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि आत गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. टेस्टला दहा दिवस उरले होते.

त्यानंतर मास्तर टोकाला गेले. उजवा पाय ब्रेकवर ठेवूनच बसायला लागले. कुत्रं दिसलं, दाब. सायकल दिसली, दाब. जुना क्लच हळूच मदत करायचा, हा ब्रेक तसा करायला तयार नव्हता. गाडी धक्के खात चालायची आणि टेलरबाईंची मान कोंबडीसारखी पुढे-मागे व्हायची. तीन दिवस त्यांनी सहन केलं. चौथ्या दिवशी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली, हँडब्रेक ओढला, 'पी'वर टाकली, सगळं कागदावर होतं तसं. मी त्या दिवशी टपाल टाकायला म्हणून मागे बसले होते, म्हणून ऐकलं.

"मास्तर, एक सांगा. मघाशी सिग्नलला गाडी मी थांबवली की तुम्ही?"

मास्तरांनी विचार केला. "दोघांनी असेल."

"असेल? तुम्हालाच माहीत नाही, मग मला कसं कळणार मला येतंय की नाही? टेस्टला तुम्ही असणार का शेजारी?"

"नाही. तिथे परीक्षक असतो."

"मग?"

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. टपालपेटी समोरच होती तरी मी उतरले नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती. कोणतं आधी ते सांगता येणार नाही. शेवटी ते म्हणाले, "ताई, माझी शिकवायची पद्धतच ती होती हो. दुसरी मला येत नाही."

"मला तरी पहिली कुठे येते?" टेलरबाई म्हणाल्या. "चला, दोघं मिळून बघू."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दोन्ही पाय पेडलपासून मागे घेऊन, हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे बसू लागले. पायाने करायचे ते तोंडाने करू लागले. आणि तोंडाने करायचं तर आधी नीट कळायला हवं, म्हणून घरी जाऊन गाडीचं पुस्तक चाळू लागले; सकाळी येऊन मला वाचून दाखवायचे आणि मला काही कळलं नाही की खूश व्हायचे, कारण मग ते समजावून सांगता यायचं.

टेलरबाईंना त्यांनी टाच जमिनीला टेकवायला शिकवली. टाच ब्रेकच्या समोर, पंजा तेवढा उजवीकडे वळवून ॲक्सिलरेटरवर. पाय नाचवायचा नाही. मागे घेताना टेलरबाई मान वळवून बघायच्या, तसं अंग वळायचं, आणि अंगाबरोबर पाय ब्रेकवरून घसरायचा. ते मास्तरांनी दोन दिवसांनी पकडलं. "आधी टाच कुठे आहे बघा, मग मागे बघा." 'डी'वरून 'आर'वर जाताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दांडीला हात लावू द्यायचे नाहीत, आणि अक्षर मोठ्याने म्हणायला लावायचे. आमच्या पटांगणात दिवसभर "ब्रेक! आर! मागे बघितलं!" असा गजर चालायचा. पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेकवर धरायची, हे टेलरबाईंना एका फेरीत जमलं. उतरताना दांडी 'एल'वर, म्हणजे हळू गियरवर टाकायची, नुसत्या ब्रेकवर लोंबकळायचं नाही, हे मात्र दोघांनाही चार फेऱ्यांत जमलं, कारण मास्तरांचा हात 'एन'कडे वळायचा आणि टेलरबाई त्यांच्या हातावर चापट मारायच्या.

टेस्टच्या आदल्या दिवशी ते बाजाराच्या रस्त्याने येत होते. परत आले तेव्हा टेलरबाई नेहमीसारख्या बडबडत उतरल्या. दोन उभ्या गाड्यांच्या मधून डोक्यावर गादी घेतलेला एक माणूस अचानक समोर आला, त्याला काही दिसत नव्हतं, आपण वेळेवर ब्रेक मारला, गादी बोनेटला घासून गेली, असं त्यांनी मला हातवारे करून सांगितलं. मास्तर त्यांच्या मागून आले. पाणी प्यायले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई पास झाल्या. परीक्षकाने एकदाही पेन उचललं नाही म्हणे. धाकटे मालक स्वतः बाहेर आले, मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मिटलं काका. आता तुम्हीच." माझा जीव भांड्यात पडला. मी उठून पंखासुद्धा वाढवला, का ते माहीत नाही.

मास्तर मात्र काउंटरसमोरच्या बाकावर बसले ते बसलेच. सगळे गेल्यावर म्हणाले, "बाई, त्या गादीवाल्याच्या वेळी माझा पाय आलाच नाही."

"मग चांगलंच झालं की! तुम्हीच ठरवलं होतं ना, पाय ठेवायचा नाही म्हणून?"

"ब्रेकवर ठेवायचा नाही, असं ठरवलं होतं. गरज लागली तर यायलाच हवा. तो जागचा हलला नाही. मी खाली बघितलं, तर होता तिथेच." ते आपल्या पायाकडे असे बघत होते जणू तो कुणाचा तरी विसरून राहिलाय. "मला कळत नाही, तो ठरवून आला नाही की यायचं विसरला. चौतीस वर्षांत असं झालेलं नाही. उद्या एखादी खरंच चुकेल आणि हा असाच बसून राहील, मग?"

"डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारेल. त्याच्या टेबलावर गादीवाला थोडाच येणार आहे?" ते उठले. "चला. तुम्ही चालवा."

मी एकोणीस वर्षं त्या काउंटरवर बसले आहे आणि स्टिअरिंगला हात लावलेला नाही. हजार लोकांची भीती समोरून बघितल्यावर हौस राहत नाही. तसं मी सांगितलं.

"म्हणूनच तुम्ही हव्यात," मास्तर म्हणाले. "ज्याला गाडी येते त्याची चूक खोटी असते. मी सांगेन तसं चालवा आणि मध्येच कुठेतरी चुका. केव्हा ते मला सांगायचं नाही. पाय उशिरा आला तर किल्ली आजच धाकट्याच्या टेबलावर ठेवतो."

"अहो, आजच तर मिटलं सगळं! गप्प बसा ना. कुणाला काय कळणार आहे?"

"मला."

पटांगणाच्या टोकाला त्यांनी जुने टायर एकावर एक रचले, म्हणजे लागलंच तर टायरला लागेल. मी बसले. पट्टा बांधला. ब्रेक दाबला, सुरू केली, 'डी' म्हटलं, हँडब्रेक सोडला. पाय सैल केला तशी गाडी निघाली. एक फेरी झाली. दुसरी झाली. मी ठरवलं होतं, तिसऱ्या फेरीत गेटपाशी खोटं खोटं चुकायचं. पण त्याआधी टायरपाशी वळण आलं, मला ब्रेक दाबायचा होता, आणि मी सगळा जोर लावून दाबला तो ॲक्सिलरेटर. गाडीने उडी घेतली. टायर समोर एकदम मोठे झाले. आणखी जोरात दाबलं तर थांबेल असं वाटून मी आणखी जोरात दाबलं आणि डोळे मिटले.

पट्टा छातीत रुतला. आवाज काही झाला नाही. डोळे उघडले तर टायर दोन हातांवर होते. इंजिन गुरगुरत होतं. मास्तरांचा उजवा पाय ब्रेकवर मुळापर्यंत रुतलेला होता आणि डावा सीटखाली जिथल्या तिथे.

"आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला, बाई."

मी उचलला.

"ही ठरवलेली चूक होती?"

"नाही हो! ती गेटपाशी करणार होते! ही खरीच झाली!" मला रडू यायला लागलं आणि मी ते थांबवलं नाही.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली आपल्या पायाकडे. मग हाताच्या तळव्याने तोंड झाकून घेतलं आणि थोड्या वेळाने त्याच्या आडून म्हणाले, "म्हणजे काल मी ताईंवर सोडलं होतं, बाई. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणावर तरी सोडलं, आणि मला वाटलं मी म्हातारा झालो."

मी हँडब्रेक ओढला, दांडी 'पी'वर टाकली आणि इंजिन बंद केलं. मास्तरांनी उजवा पाय अजून ब्रेकवर दाबूनच धरला होता.